साडेचौसष्ट तास

मंगळवार, ३ मार्च

पाण्यातून काढलेला माल लगेच भट्टीत का घालायचा? तसाच पडून राहिला तर त्याचं बिघडतं काय?

दुपारी डबा खाताना मामांनी मला हे विचारलं, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नाही.

मामा आमच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं भट्टीवर आहेत. तिथे सगळेच त्यांना मामा म्हणतात. माझे मात्र ते खरोखरचे मामा. मी सात वर्षांची असल्यापासून आई आणि मी त्यांच्याच घरी आहोत. मी प्रयोगशाळेत लागले त्या दिवशी त्यांनी भट्टीवरच्या प्रत्येकाला मला दाखवलं होतं, जणू मी नवीन आलेलं यंत्र आहे.

त्यांचं काम तीन पायऱ्यांचं. ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट मोठ्या भट्टीत पाचशे तीस अंशांना तापवायचे. मग टाकीत बुडवून गार करायचे, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पाणी द्यायचं'. आणि चार तासांच्या आत लहान भट्टीत, पावणेदोनशे अंशांना आठ तास. या शेवटच्या पायरीत धातू कडक होतो. चार तासांचा नियम त्यांच्या वस्तादांचा. का, ते वस्तादांनी सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही.

"आता घरात शिकलेलं माणूस आहे म्हणून विचारतो," मामा म्हणाले. "दूध आहे का ते, नासायला?"

समोर चारजण बसलेले. माहीत नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "नाही मामा, बिघडत काही नाही. उलट पडून राहिलं की आपोआप थोडं कडकच होतं."

"ऐका!" मामा सगळ्यांना म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं उगाच धावपळ केली."

मी सांगितलं ते पुस्तकात आहे. पण तिथलं उदाहरण तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचं होतं. आमच्याकडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळतात. तेच लागू असणार. एकदा बघून घ्यायला हवं.


शुक्रवार, ६ मार्च

दिवसभर सूक्ष्मदर्शकाशी. नमुने घासून चकचकीत करण्याचं काम पॉलिशवाल्या ताई करतात. त्यांचा हात इतका सफाईदार की तुकड्यात आपला चेहरा दिसतो. "घरचा आरसा पुसायला वेळ नाही मला," ताई म्हणतात, "आणि इथे ज्यात कुणी तोंड बघणार नाही तो तुकडा चार-चार वेळा घासते."

वर ॲसिडचा थेंब दिला की धातूचे कण दिसू लागतात, एकमेकांना चिकटलेले, वाकड्यातिकड्या कडांचे. कॉलेजात हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं, कुणाला सांगितलं नाही. घरची कढई, खिडकीची चौकट, सगळं आतून असं रचलेलं, आणि आमच्या घरात आजवर कुणाला त्याचा पत्ताच नाही!

ते पुस्तक काढून बघायचं होतं. राहिलं.


शनिवार, १४ मार्च

धावपळीचा दिवस. तीनशे चाळीस ब्रॅकेटची मोठी ऑर्डर आहे. उंच इमारतींच्या काचा पुसणारे आणि रंगवणारे ज्या झुलत्या पाळण्यात उभे राहतात, तो पाळणा गच्चीवरच्या ज्या हाताला टांगतात, त्या हाताचा हा ब्रॅकेट.

दुपारी लहान भट्टीचा पंखा जळाला. मेकॅनिक म्हणाला, उद्या सुट्टी, सोमवारी बसवतो, भट्टी मंगळवारी मिळेल. साहेब खाली आले. त्यांचं म्हणणं, मोठ्या भट्टीचं काम तरी आजच उरका, पाणी देऊन ठेवा, मंगळवारचा एक दिवस वाचेल. कुणीतरी म्हणालं, "मामा, तुमच्या चार तासांचं काय?" त्यावर मामांनी काहीतरी उत्तर दिलं आणि सगळे हसले. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं: "आमच्या घरच्या शास्त्रज्ञांना विचारून झालंय!" काय विचारून झालंय कोण जाणे. मी नमुना घेऊन वर पळत होते.

भट्टीच्या प्रत्येक घाण्याबरोबर त्याच धातूचा एक तुकडा तापवतात, त्यालाही पाणी देतात. तो नमुना. तपासतो तो आम्ही. ब्रॅकेटला हात लावत नाही. नियमावलीत लिहिलंय की नमुना चार तासांत प्रयोगशाळेच्या भट्टीत गेला पाहिजे. पण मालाबरोबरच तो मंगळवारी तापवणं मला योग्य वाटलं. म्हणून तो फ्रीजरमध्ये ठेवला, ताईंची पाण्याची बाटली बाजूला सारून. विमानाचे रिव्हेट असेच बर्फात ठेवतात. थंडीत आतले अणू हलत नाहीत, घड्याळ जणू थांबतं. ही युक्ती इथे कुणालाच माहीत नव्हती. ताई म्हणाल्या, "त्याला ताप आला होता का गं?"


मंगळवार, १७ मार्च

नमुना तापवून तपासला. कडकपणा एकशे तेरा! किमान एकशे पाच लागतो. अहवालावर फक्त माझी सही, शेजारी कुणाचीच नाही.

घरी सांगितलं. आईने कागद दोन्ही हातांनी धरला, वाचता येत नसलेला मजकूर वरपासून खालपर्यंत बघितला आणि सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे तू ना?"


शनिवार, २८ मार्च

ब्रॅकेट जाऊन आठवडा झाला. बाजारातून येताना बँकेच्या इमारतीवर एक पाळणा दिसला. नवव्या-दहाव्या मजल्यावर दोन माणसं, एक जण काहीतरी गुणगुणत असावा, कारण त्याचा फडका तालात फिरत होता. आईला म्हटलं, वरच्या त्या हातात आमचा ब्रॅकेट असेल. आई म्हणाली, "मान मोडेल, समोर बघून चाल."


सोमवार, ६ एप्रिल

कडकपणा मोजायच्या यंत्राची दुरुस्ती झाली. खात्री करायला हाताशी येईल तो तुकडा हवा होता. भोक चुकलं म्हणून त्या ऑर्डरमधले दोन ब्रॅकेट मागे राहिलेत, त्यातला एक ताईंच्या दाराला अडणा म्हणून असतो. तो उचलला.

सत्त्याण्णव.

यंत्र नीट बसलेलं नाही. दुरुस्तीवाल्याला उद्या पुन्हा बोलावायला हवं.


मंगळवार, ७ एप्रिल

यंत्राला काही झालेलं नाही. प्रमाण ठोकळ्यावर बरोबर आकडा येतो. फ्रीजरमध्ये ठेवलेला नमुना अजून माझ्याकडे आहे, त्यावर पुन्हा एकशे तेरा. ब्रॅकेटवर पाच ठिकाणी मोजलं: सत्त्याण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, पंच्याण्णव. दुसऱ्या ब्रॅकेटचंही तेच.

नमुना आणि ब्रॅकेट, दोन्ही चिरून, ताईंकडून घासून घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले. काही फरक नाही. जुळी भावंडं. धातूला जे बळ देतात ते कण आमच्या यंत्राला दिसण्याच्या कितीतरी पलीकडचे, बारीक.

धातू एक, पाणी एक, तापमान एक. मग भट्टीची वही बघितली. पाणी दिलं शनिवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. लहान भट्टीत घातलं मंगळवारी सकाळी नऊ दहाला. साडेचौसष्ट तास माल जमिनीवर पडून होता. नमुना मात्र फ्रीजरमध्ये होता. त्याचं घड्याळ मी थांबवलं होतं.

ताईंनी जेवायला हाक मारली. मी पोट बिघडलंय म्हटलं.


बुधवार, ८ एप्रिल

कॉलेजातल्या बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लहानपणी तो चौकोन सरकवायचा खेळ खेळली आहेस ना? पंधरा चौकोन आणि एक जागा रिकामी?"

"हो."

"ती रिकामी जागा नसेल तर?"

"तर एकही चौकोन हलणार नाही."

"धातूतही तेच. रचनेत मध्येमध्ये अणूच नसतो, त्याला आपण दोष म्हणतो. पण त्या दोषावाचून मॅग्नेशियम आणि सिलिकॉन एकमेकांपर्यंत पोचणार कसे? खूप तापवलं की रिकाम्या जागा वाढतात, झटकन गार केलं की त्या आत अडकून राहतात. त्या जिवंत आहेत तोवर माल लहान भट्टीत गेला पाहिजे. मग आत लक्षावधी बारीक कण तयार होतात. वजन आलं की धातूचे थर एकमेकांवर घसरू बघतात, सतरंजीवर सुरकुती सरकावी तसे. ते कण त्या सुरकुतीच्या वाटेत उभे राहतात."

"आणि तसंच पडून राहिलं तर?"

"तुमच्या मिश्रधातूत? चार-चार अणू घोळका करून बसतात आणि रिकाम्या जागा त्यांच्यातच बांधल्या जातात. नंतर कितीही तापव, कण होतात ते थोडे, मोठे, लांब लांब. सुरकुती मधून निघून जाते. तांब्याच्या मिश्रधातूचं गणित वेगळं, ते पडून चांगलं होतं. मुलं तिथेच गल्लत करतात."

दुरुस्ती आहे का विचारलं. आहे. परत मोठ्या भट्टीत घालून सगळं पहिल्यापासून केलं तर धातू पूर्ववत होतो. फक्त माल परत आला पाहिजे.


गुरुवार, ९ एप्रिल

मामांशी भांडले. लिहितानाही हात गरम आहे.

ते चहा घेत होते. मी विचारलं, "मामा, चार तासांचा नियम तुमचाच ना? मग अडीच दिवस माल जमिनीवर कसा ठेवलात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोडला नाहीत. साहेबांनी डोळे वटारल्याबरोबर मोडलात? नाही म्हणायचं होतं! माणसं टांगलेली असतात त्याला."

"चुकलं माझं," मामा म्हणाले.

"चुकलं म्हणून भागतं का?"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, यांनी ते का केलं ते तरी..."

"तू गप गं," मामा म्हणाले. मामांना मामींशी असं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. मामी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि भांडी आपटू लागल्या. आई म्हणाली, "ठमे, ताटात वाढलंय, आधी दोन घास खा." मी जेवले नाही. मला वाटत होतं मामा मोठे आहेत. आज ते फार लहान दिसले.


शुक्रवार, १० एप्रिल

साहेबांकडे गेले. आकडे टेबलावर ठेवले.

"तुम्ही नमुना तपासलात. नमुना पास झाला," साहेब शांतपणे म्हणाले. "अहवाल नमुन्याचाच असतो. यात खोटं काय आहे?"

"माल तसा नाही साहेब."

"रचना करणारे पाचपट ताकद धरून चालतात. त्यातली चौदा टक्के गेली. किती माणसं पडतील? सांगा ना."

"माहीत नाही."

"माहीत नाही ना?"

"पडणार नाहीत, हेही माहीत नाही."

ते थोडे हसले. "वही मीही बघितलीय. साडेचौसष्ट तास. सही कुणाची आहे त्या पानावर? मामांच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. चौकशी लागली तर सगळं त्यांच्या अंगाशी येईल. मला ते आवडेल असं वाटतं का तुम्हाला?"

माल जमिनीवर ठेवायला ते स्वतःच म्हणाले होते, हे मला जिन्यावर आल्यावर आठवलं. अशी उत्तरं मला नेहमी जिन्यावरच सुचतात.


सोमवार, १३ एप्रिल

साहेबांनी आपणहून बोलावलं. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला माझं नाव पाठवलंय म्हणाले. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे, ज्यात ते बारीक कण प्रत्यक्ष दिसतात. परत आले की प्रयोगशाळा माझ्याकडे. मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडलेत. मोठ्या मनाचे आहेत म्हणायचे.

ताईंना सांगितलं. त्या घासत होत्या, हात थांबवला नाही. "कधी निघायचंय?"

"येत्या सोमवारी."

"बरीच घाई आहे गं त्यांना," ताई म्हणाल्या.

मी त्यावर आत्तापर्यंत विचार करते आहे.


मंगळवार, १४ एप्रिल

नमुना फ्रीजरमध्ये नेमका किती वाजता ठेवला ते बघायला ही वही मागे उलटली. वेळ सापडली नाही. ३ मार्च सापडला.

तीन वेळा वाचला. अक्षर माझंच आहे.

मामांनी विचारलं होतं. चारचौघांत उत्तर देणारी मी होते. 'एकदा बघून घ्यायला हवं' असं लिहून मी झोपले, तीन दिवसांनी 'राहिलं' लिहिलं आणि पुन्हा झोपले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी, आणि गुरुवारी त्यांच्या तोंडावर म्हणाले की नाही म्हणायचं होतं. ते नाहीच म्हणाले असते. वस्तादांचा नियम त्यांनी साहेबांसाठी मोडला नाही, माझ्या शब्दासाठी मोडला.

मामींना माहीत होतं. आईलाही माहीत असणार. एका घरातली तीन माणसं पाच दिवस माझ्यासमोर जेवत होती आणि एकानेही तोंड उघडलं नाही.


बुधवार, १५ एप्रिल

सकाळी मामा सायकल पुसत होते. मी वही पुढे केली. त्यांनी पान लांब धरून सावकाश वाचलं.

"छान लिहितेस," म्हणाले.

"मामा!"

"अगं, मग काय म्हणू? तू सांगितलंस, मी ऐकलं. भट्टी तुझ्या ताब्यात होती की माझ्या? अठ्ठावीस वर्षं जे करत आलो ते सोडायच्या आधी दोनदा विचारायला नको? दुसऱ्या दिवशी विचारलं असतंस तर तू पुस्तक काढलं असतंस. मी विचारलं नाही. का? तर भाचीने सांगितलं, याचीच फुशारकी मारत फिरत होतो."

"मी ग्राहकाला कळवणार आहे. आणि कारणही लिहिणार आहे."

"माल परत मागव, ते बरोबर. पाळण्यात कुणाचा तरी मामा उभा असेल. पण कारण मी लिहीन. म्हाताऱ्याचा आळस. माझे आठ महिने राहिलेत, तुझी तीस वर्षं. हिशेब सोपा आहे, याला कॉलेज लागत नाही."

"ते खोटं होईल."

"होऊ दे की! एवढी खरी कुठून आलीस तू आमच्या घरात?"

मला हसू आलं, आणि त्यांनाही. मग ते गंभीर झाले. "ठमे, माझं ऐक. कुणी विचारलं तर मी सांगणार, हिने मला काही सांगितलंच नाही. चौघे साक्षीला आहेत, तेही माझ्याच बाजूने बोलतील. तुझ्याकडे फक्त ही वही आहे, आणि वही कुणी दाखवतं का?"

सायकल पुसून झाली होती तरी ते पुसतच राहिले.


गुरुवार, १६ एप्रिल

पत्राचे चार मसुदे फाडले. पहिल्यात मीच मीच होते, वाचताना लाज वाटली. पाळण्यातल्या माणसाला माझ्या पश्चात्तापाचं काय करायचंय? त्याला एवढंच हवं: कुठले ब्रॅकेट, किती कमी, आज वापरायचे की नाही. ते आधी लिहिलं. कारण दुसऱ्या परिच्छेदात.

संध्याकाळी आईने विचारलं, "नोकरी जाईल का गं?"

"जाईल बहुतेक."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी मोडून तिने पुन्हा घातली. "मामाची?"

"नाही जाऊ देणार."

"दोघांचीही नाही गेली तर बरं होईल," आई म्हणाली. आमच्या घरात देवाकडे मागणंही एवढंच रोखठोक असतं.


शुक्रवार, १७ एप्रिल

सकाळी कारखान्यात न जाता थेट पाळण्यांच्या कंपनीत गेले. तिथले देखभाल बघणारे गृहस्थ चष्मा कपाळावर ठेवून वाचत होते. पहिला परिच्छेद संपताच त्यांनी हाताने मला थांब म्हटलं आणि फोन उचलला. "सगळे खाली घ्या. आत्ता. अर्धी काच राहिली तर राहू दे. चहा प्यायला सांग त्यांना." मग दुसरा परिच्छेद वाचला, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचला.

"हे लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं. "दुरुस्ती काय करायची ते कारणावर ठरतं. भट्टी खराब नाही, माणूसही निष्काळजी नाही. सल्ला चुकीचा होता. नाहीतर तुम्ही पुढच्या वेळी भट्टी तपासत बसाल."

त्यांनी पोच दिली. दहा वाजून वीस मिनिटं.

कारखान्यात साहेबांसमोर पत्राची प्रत ठेवली. त्यांनी ती वाचायच्या आधीच ड्रॉवर उघडून घडी घातलेला एक कागद बाहेर काढला. मामांचं अक्षर मी लांबूनही ओळखते, प्रत्येक ओळ शेवटी वर चढते. 'माझ्या आळसामुळे'पर्यंत मला दिसलं.

"आठ वाजता येऊन देऊन गेले," साहेब म्हणाले. "एका घरातून एका दिवशी दोन कबुलीजबाब. ठरवून आलात की काय?"

"नाही साहेब. ठरवायला गेलो तर भांडण होतं आमचं."

"मग ऐका. हे दोन्ही कागद या ड्रॉवरमध्ये राहतील. तुम्ही सोमवारी प्रशिक्षणाला निघा. मामा आठ महिन्यांनी हार घालून घेऊन घरी जातील. झालं."

"मामांचा कागद ठेवा, त्यात खरं काही नाही," मी म्हटलं. "माझी ही फक्त प्रत आहे. मूळ पत्र दहा वीसला पोचलं. पाळणे खाली आलेत."

आणि पोच त्यांच्या टेबलावर ठेवून मी प्रयोगशाळेत आले.